चव न घेता जमणारी बटाट्याची भाजी

पुरणपोळी असो की श्रीखंड-पुरी, सणाच्या पानात बटाट्याची पिवळी सुकी भाजी ठरलेली असते, आणि ठरलेली असल्यामुळेच तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. डाळ किती शिजवायची, कणीक किती सैल हवी, चक्का किती वेळ टांगायचा यावर घरात चर्चा होते. भाजी मात्र ‘बटाटाच तर आहे’ म्हणून शेवटच्या पंधरा मिनिटांत उरकली जाते. मग पानात येते ती कधी लगदा झालेली, कधी अळणी, कधी कच्च्या हळदीच्या वासाची. पुढच्या सणाला उपाय म्हणून तिच्यात जिन्नस वाढतात. टोमॅटो येतो, गरम मसाला येतो, काजूही येतात. माझ्या मते हा उपाय चुकीच्या जागी केलेला आहे. ही भाजी जिन्नस कमी पडल्यामुळे फारशी बिघडत नाही. ती बिघडते बटाट्याला गार व्हायला वेळ न मिळाल्यामुळे आणि फोडणी घाईत झाल्यामुळे. या दोन गोष्टी सांभाळल्या, तर मोजक्या जिन्नसांची साधी भाजी सणाच्या पानाला पुरून उरते. इतकंच नव्हे, सणाच्या दिवशी ती साधी ठेवणंच शहाणपणाचं असतं, आणि त्याला एक अगदी व्यावहारिक कारण आहे.

ते कारण म्हणजे नैवेद्य. पुष्कळ घरांत देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत स्वयंपाकातलं काहीच चाखत नाहीत. रोजच्या स्वयंपाकात आपण चाखत चाखत दुरुस्त करत जातो. मीठ कमी वाटलं तर घालतो, आंबट झालं तर गुळाचा खडा टाकतो. सणाला ही सोय नसते. आता विचार करा, चव न घेता कोणती भाजी बरोबर जमेल? टोमॅटोचा आंबटपणा फळागणिक बदलतो. कांद्याचा गोडवा तो किती परतला यावर ठरतो. मसाल्याचा जोर तो कधी कुटला, कसा ठेवला यावर अवलंबून असतो. असे चार-पाच चंचल जिन्नस एका कढईत आले, की जीभ वापरल्याशिवाय त्यांचा मेळ बसणं कठीण. याउलट बटाट्याचं वजन करता येतं, मीठ मोजता येतं, मिरच्या मोजता येतात. मोजून करता येते तीच भाजी न चाखता जमते. ज्या घरात हा नियम पाळत नाहीत तिथेही हे लागू आहे. सकाळपासून पुरण, गूळ, वेलची-जायफळ यांच्या वासात वावरलेल्या माणसाला दुपारी बारा वाजता मिठाचा अंदाज नीट येईल याची खात्री नसते.

दुसरं कारण पानातच दिसतं. पुरणपोळीच्या बेतात गोड आहे, तूप आहे, तळलेलं आहे आणि गोड्या मसाल्याची कटाची आमटी आहे. मसालेदार आणि पातळ या दोन्ही जागा आमटीनं आधीच भरलेल्या आहेत. भाजीही रश्शाची आणि मसाल्याची केली, तर दोघींची चव एकमेकींत मिसळते आणि दोन्ही फिक्या पडतात. पोळीचे चार घास खाल्ल्यावर जिभेला हवं असतं काहीतरी खारट, किंचित आंबट, मिरचीचा हलका झटका असलेलं आणि कोरडं. कोरडेपणाचं महत्त्व केळीच्या पानावर जेवताना लगेच कळतं. पानाला कड नसते. रसदार भाजी वाढली की ती ओघळत जाऊन श्रीखंडाला नाहीतर पोळीला गाठते. म्हणून आमटी द्रोणात किंवा वाटीत आणि भाजी सुकी, ही विभागणी अगदी सोयीची आहे. श्रीखंड-पुरीच्या पानात तर आमटीही बेताचीच असते. तिथे पुरीच्या घासात धरता येईल अशी भाजी हवी, आणि ती वाढल्या जागी राहायला हवी.

आता बटाट्याकडे येऊ. इथे सण कोणत्या महिन्यात येतो ते पाहावं लागतं, कारण बटाटा वर्षभर सारखा नसतो. उत्तर भारतातलं मोठं रब्बी पीक हिवाळ्याच्या शेवटी निघतं. त्यामुळे होळी-गुढीपाडव्याला बाजारात नवा बटाटा मुबलक असतो. त्याची साल पातळ असते, अंगठ्यानं घासली तरी निघते, आतून तो ओलसर असतो आणि फोडी धरून राहतो. गणपतीपासून दिवाळीपर्यंत मिळणारा बराचसा बटाटा मात्र शीतगृहातला असतो. आंबेगाव-खेडच्या आणि पुसेगावच्या भागातला पावसाळी बटाटा त्या सुमारास निघू लागतो. तो हाती लागला तर उत्तमच. शीतगृहातल्या बटाट्याची एक खोड आहे. फार थंडीत राहिला की त्यातला थोडा स्टार्च साखरेत बदलतो आणि भाजी मुळातच गोडसर लागते. गोड पानात गोडसर भाजी म्हणजे तिचं कामच संपलं. असे बटाटे सणाच्या आठ-दहा दिवस आधी आणून हवेशीर, अंधाऱ्या जागी, कांद्यांपासून दूर पसरून ठेवले तर तो गोडवा बराच उतरतो. फ्रिजमध्ये ठेवले तर उलट वाढतो. तेवढा वेळ नसेल, तर भाजीत साखर अजिबात घालू नये आणि लिंबू थोडं जास्त पिळावं. हिरवट साल असलेले आणि मोड आलेले बटाटे घेऊच नयेत, कारण त्या हिरवेपणाबरोबर सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असतं आणि ते शिजवूनही जात नाही. आणखी एक गोष्ट दुकानातच पाहावी: सगळे बटाटे एका मापाचे, साधारण 100 ग्रॅमचे, म्हणजे मुठीत मावतील एवढे निवडावेत. एक लिंबाएवढा आणि एक पेरूएवढा असे एकत्र उकडले, तर लहान फुटेपर्यंत मोठा मधून कच्चाच राहतो.

उकडण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे कुकरच्या तळाशी पाणी आणि बटाटे वरच्या भांड्यात, पाण्याशिवाय, सालासकट. असे वाफेवर शिजलेले बटाटे पाणी पीत नाहीत. पाण्यात बुडवून उकडायचे असतील तर गार पाण्यातच टाकून गॅस लावावा. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरचा थर विरघळायला लागतो तेव्हा मध्यभाग नुकता तापत असतो. शिट्ट्या किती, हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि त्याचं एकच उत्तर देता येत नाही, कारण कुकर, आच आणि बटाटा तिन्ही वेगळे. मध्यम आचेवर तीन शिट्ट्या ही सुरुवात धरावी. प्रेशर उतरलं की लगेच झाकण काढून सुरीचं टोक आरपार घालून पाहावं. ते थोडा विरोध करत आत गेलं तर बटाटा झाला. लोण्यात गेल्यासारखं गेलं तर तो जास्त झाला. त्याचं आता पॅटिस करता येईल, भाजी नाही. झालेले बटाटे बंद कुकरमध्ये तसेच विसरणं ही नेहमीची चूक आहे. गॅस बंद असला तरी आतल्या वाफेत ते शिजत राहतात.

यानंतरची पायरी बहुतेक घरांत गाळली जाते, आणि माझा सगळा भर तिच्यावरच आहे. उकडलेले बटाटे परातीत सुटे पसरा, कोमट असतानाच सोला, कारण तेव्हा साल सहज सुटते, पण फोडी करायची घाई करू नका. पूर्ण गार होऊ द्या. पंख्याखाली तास-दीड तास पुरतो. याचं कारण बटाट्याच्या पोटात आहे. शिजताना साधारण 60 ते 70 अंश सेल्सिअसच्या पुढे स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि मऊ चिकट होतात. गरम असताना सुरी फिरवली की हे फुगलेले कण फुटतात, चिकट पीठ बाहेर येतं, सुरीला थर चढतो आणि फोडीच्या कडा झिजतात. गार होताना तोच स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो, वरचा ओलावाही उडून जातो. गार बटाट्याची फोड हातात घेऊन बघा. कडा सरळ, पृष्ठभाग कोरडा, किंचित सायीसारखा ताठ. ती तेलात पडली की तेल पृष्ठभागावर घेते, उलथन्यानं हलवली तरी मोडत नाही. गरम बटाट्याची फोड तेल शोषून घेते, दोन वेळा हलवताच तिचा काला होतो, आणि मग ‘कोरडी पडली’ म्हणून पाण्याचा हबका मारावा लागतो. म्हणजे लगदा होण्यामागे फोडणीचा दोष फार थोडा असतो. दोष असतो न मिळालेल्या त्या दीड तासाचा.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल. नैवेद्याला आदल्या दिवशीचं शिजवलेलं चालत नाही, मग बटाटे आधी उकडून ठेवायचे कसे? आदल्या रात्री उकडावेत असं माझं म्हणणंच नाही. सकाळी पहिला कुकर लावायचा तो डाळीचा, अशी आपली सवय आहे. त्याऐवजी पहिला कुकर बटाट्यांचा लावावा, एवढंच. डाळ भिजत असते तोवर बटाटे उकडून निघतात. डाळ शिजून, कट काढून, गूळ घालून पुरण आटेपर्यंत ते पंख्याखाली गार होतात. एकही मिनिट जास्त लागत नाही, फक्त क्रम उलटतो. ज्यांच्या घरी नैवेद्याचा प्रश्न नाही त्यांनी खुशाल आदल्या रात्री उकडून सालासकट फ्रिजमध्ये ठेवावेत. मात्र उकडलेले बटाटे उन्हाळ्याच्या दिवसांत रात्रभर ओट्यावर ठेवू नयेत.

आता मापं. 1 किलो बटाटे, सोलून साधारण 900 ग्रॅम भरतात. एवढी भाजी सणाच्या पानात आठ माणसांना नीट पुरते. त्याला 4 मोठे चमचे तेल, 1 छोटा चमचा मोहरी, अर्धा छोटा चमचा जिरं, पाव छोटा चमचा हिंग, अर्धा छोटा चमचा हळद, 5 ते 6 हिरव्या मिरच्या, बोटाच्या एका पेराएवढं आलं, 10-12 कढीपत्त्याची पानं. मीठ पावणेदोन छोटे चमचे, सपाट, बारीक मीठ धरून. छोटा चमचा म्हणजे 5 मिलीचा मापाचा चमचा. घरातले चहाचे चमचे लहानमोठे असतात. न चाखता करायच्या भाजीत हा फरक महागात पडतो. ज्यांच्याकडे वजनकाटा आहे त्यांनी सोललेल्या बटाट्याच्या दर किलोला 11 ते 12 ग्रॅम मीठ हे प्रमाण लक्षात ठेवावं, म्हणजे कितीही माणसं असली तरी हिशेब चुकत नाही. 1 छोटा चमचा साखर, पण ती वर सांगितल्याप्रमाणे बटाटा पाहून. अर्धं लिंबू आणि मूठभर कोथिंबीर. कोकणात आणि गोव्यात यावर ओलं खोबरं भुरभुरतात तेही छान लागतं.

फोडणी सुरू करण्यापूर्वी सगळं हाताशी हवं, कारण पुढचा सगळा खेळ दोन मिनिटांचा आहे. जाड बुडाच्या कढईत तेल मध्यम आचेवर तापवा आणि मोहरीचे चार दाणे टाकून पाहा. ते तळाशी गप्प बसून राहिले तर थांबा. लगेच उसळले तर तेल तयार आहे. सगळी मोहरी घाला आणि झाकण आडवं धरा. मोहरीच्या दाण्यात अडकलेल्या ओलाव्याची वाफ होते आणि ती टरफल फोडून निघते, तोच तो तडतडाट. सुरुवातीला तुरळक, मग एकदम पाऊस पडल्यासारखा, मग पुन्हा तुरळक. हा दुसरा तुरळकपणा ऐकू येईपर्यंत दुसरं काहीही घालायचं नाही. अर्धवट फुटलेली मोहरी दाताखाली कडवट लागते, आणि पिवळ्या भाजीत ती लपत नाही. मग जिरं, ते फुललं की हिंग, लगेच कढीपत्ता आणि मिरच्या. मिरच्यांना मधून चीर दिलेली असावी, नाहीतर त्या फुटून तेल उडवतात. त्यानंतर किसलेलं आलं, आणि आल्याचा ओलावा थोडा ओसरला की सर्वांत शेवटी हळद. हळदीचा रंग पाण्यात फारसा उतरत नाही, तेलात उतरतो. म्हणून ती भाजीवर वरून भुरभुरली तर ठिपके पडतात आणि कच्चा वास राहतो. पण कोऱ्या कडकडीत तेलात पडली तर तीच हळद पाच-सात सेकंदांत काळवंडते. मिरची-कढीपत्ता-आलं पडल्यामुळे तेल थोडं निवतं, त्यानंतर हळद घातली की रंग खुलतो आणि जळत नाही.

हळदीवर ताबडतोब बटाट्याच्या फोडी टाकाव्यात. फोडी पाऊण इंचाच्या. मीठ आणि साखर फोडींवर सगळीकडे पसरून घालावी. उलथनं कडेनं खाली सरकवून तळाची फोडणी वर आणायची. ढवळायचं नाही. दोन-तीन फोडी मात्र मुद्दाम हातानं कुस्करून घालाव्यात. हा बारीक चुरा फोडणी धरून ठेवतो आणि सुट्या फोडींना एकत्र आणतो, त्यामुळे पुरीच्या घासात भाजी सांडत नाही. झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं एक वाफ, मग झाकण काढून आणखी तीन-चार मिनिटं, म्हणजे तळाला लागलेल्या फोडींना हलकी खमंग साय धरते. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळावं. तापत्या कढईत पिळलं तर त्याचा ताजा वास उडून जातो. कढई लोखंडी असेल तर भाजी आधी दुसऱ्या भांड्यात काढावी आणि मग लिंबू पिळावं, कारण आंबटाचा लोखंडाशी संबंध आला की भाजी काळपट होते आणि धातूची चव येते.

कांदा-लसणाशिवाय ही भाजी मिळमिळीत लागते, ही तक्रार खरी मानूनच उत्तर शोधायला हवं. कांदा-लसणाच्या वासामागे गंधकाची संयुगं असतात, आणि हिंगाच्या वासामागेही तशीच. म्हणून नैवेद्याच्या फोडणीत हिंगाला इतका मान आहे. पण बाजारातला डबीतला हिंग बहुधा पीठ आणि डिंक मिसळून बांधलेला असतो, आणि उघडी डबी महिनोन् महिने राहिली की त्याचा वास निघून जातो. भाजी मिळमिळीत लागत असेल तर कांदा आणण्याआधी हिंग बदलून पाहावा. खडा हिंग मिळाला तर चिमटीच्या टोकावर राहील एवढाच कुटून घ्यावा. पाव चमचा हे माप डबीतल्या हिंगाचं आहे. खड्याचा तेवढा घातला तर भाजी कडू होईल.

साधी भाजी केली तर पाहुणे काय म्हणतील, ही भीती मोठी आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. एवढं मात्र पाहावं, की हॉटेलातल्या ताटात पनीरची भाजी मुख्य असते आणि रोटी तिच्यासाठी असते. सणाच्या पानात मुख्य पोळी असते. दोन मुख्य पदार्थ एका पानात बसवायला गेलं तर करणाऱ्याची दमछाक होते आणि खाणाऱ्याची भूक पोळीपर्यंत पोहोचतच नाही. काहींचा मुद्दा परंपरेचा असतो, आणि तो मात्र मी या भाजीच्या बाजूनं वापरणार नाही. बटाटा दक्षिण अमेरिकेतून आला, त्याचं नावही आपण पोर्तुगीजांकडून घेतलं. मिरचीही तिकडचीच. पानातली ही जागा बटाट्यानं जुनेपणावर मिळवलेली नाही, त्या पानात जे काम हवं ते चांगलं केलं म्हणून मिळवली आहे. ते काम दुसरी भाजी करत असेल तर तिला जागा द्यायला हरकत नाही. कच्च्या केळ्याची भाजी याच रीतीनं, याच मापांनी होते. मधुमेह असलेल्यांचा आक्षेप तर रास्तच आहे. पोळी, भात आणि त्यावर बटाटा म्हणजे पिष्टाची भर फार होते. गार केलेल्या बटाट्यातला थोडा स्टार्च सावकाश पचतो हे खरं असलं, तरी त्या भरवशावर जास्त वाढून घेऊ नये. अशा घरात निम्मा बटाटा कमी करून तेवढी वाफवलेली फरसबी घालावी. फोडणी तीच, मीठही तेवढंच.

माणसं वीस-पंचवीस असतील तर प्रमाण वाढवताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. मीठ बटाट्याच्या वजनाबरोबर सरळ वाढतं, तेल आणि मिरच्या तशा वाढत नाहीत. 3 किलोला 12 मोठे चमचे तेल लागत नाही, नऊ-साडेनऊ पुरतं. 15-18 ऐवजी 13-14 मिरच्या घातल्या तरी चालतं. शिवाय 3 किलो एकाच कढईत घालण्यापेक्षा दोनदा करावी, नाहीतर खालच्या फोडी वरच्यांच्या वजनानं चेपतात आणि वरच्यांना फोडणी पोहोचत नाही. त्याच दिवशी घरात कुणाचा उपास असेल, तर त्यांच्यासाठी फोडी बाजूला काढून ठेवाव्यात आणि तुपात जिरं-मिरची घालून, मोहरी, हिंग, हळद वगळून, दाण्याचं कूट लावून परताव्यात.

दुसऱ्या पंगतीला भाजी गरम करायची असेल तर पाणी घालू नका. पसरट तव्यात एक चमचा तेल सोडून, भाजी पातळ थरात पसरून, न हलवता दोन मिनिटं ठेवा आणि एकदाच उलटा. कोथिंबीर पहिल्या पंगतीपुरतीच घातलेली असावी. उरलेली चिरून झाकून ठेवा आणि आता घाला.